तोंडी लावायला भाकरी

आई भाकरी थापते तेव्हा तो आवाज आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. गावाकडून येताना तिने दोनच वस्तू हट्टाने आणल्या होत्या, देव आणि लाकडी काठवट. परातीत भाकरी सरकते, नीट गोल फिरत नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी ती थाप चालू असतानाच मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "आई, माझी भाकरी नको टाकूस."

थाप थांबली. "बाहेर खाऊन आलास व्हय?"

"नाही. आता भाकरीच बंद. भातपण. डॉक्टरांनी सांगितलंय."

तिने हातातला उंडा तसाच धरून ठेवला. मग तो काठवटीच्या कडेला ठेवून पदराला हात पुसत म्हणाली, "आरं लेकरा, भाकरी सोडली तर जेवायचं काय?"

मी त्यावर पनीर, अंडी, पालेभाज्या अशी यादी म्हणून दाखवली. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ती सगळी कोरड्यास झाली. जेवण कुठंय त्यात?"

आमच्याकडे सोलापूर भागात भाजीला, कालवणाला कोरड्यास म्हणतात. भाकरी हे जेवण, बाकी सगळं तिच्याबरोबर तोंडी लावायला. आईच्या त्या एका वाक्यात माझ्या पुढच्या दोन वर्षांचं सगळं भांडण होतं. पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

जुलै २०२३ मध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.४ आली. ५.७ च्या खाली असली की ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी पन्नाशीचा. वजन ७१ किलो, उंची साडेपाच फूट. हातपाय काटकुळे, पोट मात्र सदऱ्याबाहेर डोकावणारं. मला कुणी कधी जाड म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली, चालायला सांगितलं आणि विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?" मी म्हणालो, "काही विशेष नाही, साधं घरचं जेवण." ते म्हणाले, "ते साधं जेवण आठवडाभर तोलून लिहून आणा."

मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला. आईची नजर चुकवून एका भाकरीच्या पिठाचं वजन केलं, ७० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एका भाकरीत जवळजवळ ५०. दिवसाकाठी माझ्या तीन भाकऱ्या व्हायच्या. दोन्ही वेळचा भात धरला तर आणखी ऐंशी-नव्वद. सकाळी पोहे किंवा उपमा. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. बेरीज सव्वातीनशे ग्रॅमच्या पुढे गेली. आणि प्रथिनं? वाटीभर आमटी, कपभर ताक, रविवारचं मटण. आमची आमटीही अशी की डाळ शोधावी लागते.

मला धक्का बसला तो ज्वारीचा. "ज्वारी चालते, ज्वारीनं साखर वाढत नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि इतरांना सांगतही आलो होतो. ज्वारीत तंतू आहेत, ती मैद्यासारखी झपकन साखर चढवत नाही, हे खरं. पण शेवटी ते पिठूळ धान्य आहे. पिष्टाची साखरच होते, थोडी सावकाश होते इतकंच. गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी घेतली, तरी तीन खाल्ल्या तर तीन भाकऱ्यांचीच साखर होणार.

मग मी टोकाला गेलो. दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं. त्या वयात आणि त्या भीतीत माणूस मधला रस्ता धरत नाही. भाकरी, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, केळी, सगळं एका दिवसात बंद. सकाळी तीन अंडी, दुपारी मोठी वाटीभर भाजी, पनीर, काकडी, ताक, रात्री चिकन किंवा मासा आणि पालेभाजी. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे.

पहिले पाच दिवस फार वाईट गेले. डोकं सतत ठणकत होतं. तिसऱ्या रात्री पोटरीत असा गोळा आला की ओरडतच उठलो. बायको घाबरली, आई देवापुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केल्यावर कारण समजलं. कर्बोदकं एकदम कमी झाली की शरीरातलं इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर सोडू लागतात. त्यातच यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरून संपत येते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. माझा रक्तदाब व्यवस्थित असल्याने ताकात थोडं जास्त मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा प्यायला त्यांनी सांगितलं. दोन दिवसांत डोकं उतरलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने मात्र हे आपल्या मनाने करू नये. दहा दिवसांत वजन तीन किलो उतरलं तेव्हा मी खूष झालो, पण त्यातलं बहुतेक पाणीच होतं. चरबी सावकाश जाते. तिला महिने लागतात.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र बदल जाणवू लागला. दुपारी तीन वाजता फाईलवर डोळे मिटायचे, ते थांबलं. जेवून दोन तास झाले की पोटात आग पडायची, तीही गेली. भूक लागायची, पण हात थरथरवणारी नाही. इतकी वर्षं जिला मी भूक समजत होतो, ती बऱ्याचदा चढून उतरणारी साखरच असावी.

घरात मात्र तिढा वाढत चालला. ताटावर बसणं अवघड झालं. मराठी ताटाचं व्याकरणच असं आहे की मधे भाकरी किंवा भात, आणि भोवती बाकीचं. भाजी "कशाबरोबर" खायची असते. नुसती वांग्याची भाजी वाटीत घेऊन चमच्याने खाणारा मुलगा आईला बघवत नव्हता. तेलकट, तिखट भाजी भाकरीच्या हिशोबाने केलेली असते. तिखटमीठ त्या भाकरीला पुरेल असं. ती नुसती खाल्ली की घशात आग व्हायची. पहिला महिना मी हे कुणाला सांगितलंही नाही, नुसता पाणी पीत राहिलो. मग एकदा बायकोने माझी भाजी वेगळी काढली, त्यात मीठ-तिखट निम्मं घातलं, वर खोवलेलं खोबरं आणि भाजलेल्या दाण्याचा कूट घातला. ते जेवण झालं. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत या भाज्या इतकी वर्षं मी भाकरीच्या घासाला लावून चिमूटभर खात होतो. वाटीभर चाकवताची पातळ भाजी पहिल्यांदा नुसती प्यायलो तेव्हा तिची खरी चव कळली. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, या आमच्याकडच्या खऱ्या ठेवी. जवसात कर्बोदकं दिसतात, पण ती जवळजवळ सगळी तंतूच असतात, आणि शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ज्या गोष्टी आम्ही ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर वाढत होतो, त्याच मला तारून नेत होत्या.

त्या काळात ऑफिसात आणि नात्यात मी जिथे जाईन तिथे आहाराच्या गप्पा निघायच्या. कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवणारे, कुणी ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूप-भाताची बाजू घेणारे. मला त्यातला कुठलाच पक्ष घ्यावासा वाटला नाही. माझ्याकडे ग्लुकोमीटर होता, बोटाला सुई टोचून मी माझंच उत्तर शोधत होतो. एका एकादशीला प्लेटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन तासाभराने २१८. दोन अंड्यांचं ऑम्लेट खाऊन ११९. उपवासाला साबुदाणा हलका म्हणून आपण आजारी माणसालाही देतो, आणि तो म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. आणि तिथेच माझी चूक झाली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा माझ्या चुलतभावाने विचारलं, "दादा, इतका कसा उतरलास?" मंगळवेढ्याच्या शिवारात आमची जी जमीन आहे ती तोच कसतो. काळी, खोल, भेगाळणारी जमीन. परतीच्या पावसाच्या ओलीवर मालदांडी ज्वारी येते, विहिरीचं पाणी लागत नाही. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याने मला फोन करून सांगितलं होतं. असा हा ज्वारी पिकवणारा माणूस. त्यालाही पाच वर्षांपासून साखर. मी उत्साहाने त्याला सगळं सांगितलं. भाकरी सोड, भात सोड, अंडी खा, शेंगा खा. गोळ्या कुठल्या घेतोस, हे मात्र विचारलं नाही.

जानेवारीत हुरड्याला आम्ही सगळे गेलो. आगटी पेटवली होती, मुलं कणसं भाजायला देत होती, गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून काढलेलं कणीस हातावर चोळून हुरडा वर्तमानपत्रावर पडत होता. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, दही. भाऊ सकाळपासून गोफण घेऊन पाखरं हाकत होता. तो आला, बांधावर बसला, आणि मी पाहिलं की थंडी असून त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलाय. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं. काहीतरी बोलला, जीभ जड झालेली. हात थरथरत होते. माझ्या पिशवीत मीटर होता म्हणून बोट टोचलं. ५२.

७० च्या खाली साखर गेली की धोका असतो. मी हुरड्याच्या कागदावरचा गूळ उचलला, तांब्यातल्या पाण्यात कुस्करला आणि त्याला बसतं करून घोट घोट पाजला. शुद्धीवर होता, गिळत होता, म्हणून ते जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ८८. तो भानावर आला आणि पहिलं काय विचारलं तर, "पाखरं कुणी हाकतंय का?"

नंतर कळलं की तो सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होता. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी असो वा नसो. दहा दिवस भाकरी पूर्ण बंद, गोळी मात्र तशीच, आणि वर सकाळभर शिवारात उन्हात फिरणं. माझं मेटफॉर्मिन तसं करत नाही, एकटं असेल तर साखर अशी सहसा खाली पाडत नाही. म्हणून मला जे पचलं ते त्याच्या जिवावर आलं. इन्सुलिन घेणाऱ्यालाही हाच धोका. काही नव्या गोळ्या आहेत ज्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या चालू असताना कडक लो-कार्ब, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचा आहार, केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, हेही मला त्यानंतर समजलं. आहार बदलण्याआधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायला हवा, ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. वजन किती उतरलं तेवढंच सांगत होतो. भावाच्या बायकोने त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. तिने फक्त रात्री त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

परत आल्यावर आईने मला समोर बसवलं. माझं वजन तोवर नऊ किलो उतरलं होतं. गालफडं बसली होती, जुने सदरे खांद्यावरून ओघळत होते. गावात दोघांनी तिला विचारलं होतं, "लेकाला काय झालंय?" तिला खात्री झाली होती की मला दृष्ट लागली. तिने शिळ्या भाकरीचा तुकडा घेतला, माझ्यावरून तीनदा ओवाळला आणि खाली जाऊन कोपऱ्यावर टाकून आली. भाकरतुकडा ओवाळताना ती काही बोलली नाही. मी लहानपणी आजारी पडलो की ती हेच करायची. पण या वेळी तिचे डोळे भरलेले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी भाकरी नाकारतोय तेव्हा ती काय ऐकते, हे मी तिला विचारलेलंच नाही.

त्या रात्री तिने बहात्तरचं सांगितलं. तसं तुकड्यातुकड्यांत मी ते ऐकलेलं होतं, पण सलग कधी नाही. १९७२ च्या दुष्काळात शिवार करपलं. विहिरी तळाला गेल्या. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. घरातली ज्वारी दिवाळीआधीच संपली. मग रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, कडसर लागायची. कामावर सुकडी मिळायची. "तुझ्या वेळेला दिवस गेलेलं होतं," ती म्हणाली. "सुकडी खाल्ली की उलटी व्हायची. सासूबाई त्यांच्यातली चतकोर भाकरी मला सारायच्या. मालदांडीची, कुणीतरी दिलेली. ती चतकोर मी दिवसभर पदरात बांधून ठेवायची, कामावर दुपारी खायची." मी १९७३ च्या पावसाळ्यात जन्मलो.

ज्या मातीत हे घडलं तिथेच दामाजीपंतांची गोष्ट सांगतात. दुष्काळात लोक मरू लागले तेव्हा बादशहाच्या कोठारातलं धान्य त्यांनी वाटून टाकलं. मंगळवेढ्यात लहानाचा मोठा झालेला प्रत्येक जण ही गोष्ट ऐकतच वाढतो. मीही वाढलो. तरी आईपुढे "भाकरीच बंद" म्हणताना मला दामाजी आठवला नव्हता.

आणि मग एक गोष्ट माझ्या डोक्यात जुळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल मी आधी वाचलं होतं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याची बाळं हलकी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं, आतून चरबी धरणारं शरीर. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. नेदरलँडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जी उपासमार झाली तिच्या काळात आईच्या पोटात असलेल्या माणसांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांच्या शरीराला साखर हाताळणं इतरांपेक्षा जड जात होतं, असंही दिसलं आहे.

माझा मधुमेह त्या दुष्काळाने झाला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. वीस वर्षं खुर्चीत बसून काम, चार कप गोड चहा, संध्याकाळी भजी, हेही माझंच. पण हे काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट घेऊन मी आरशासमोर उभा राहतो तेव्हा मला खडी फोडणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी दिसते, पदरात चतकोर भाकरी बांधलेली. जिला भाकरी कमी पडली तिच्या पोटी मी जन्मलो, आणि आता तिने पोटभर केलेली भाकरी मला सोसत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. ती स्वतःला दोष देईल हे मला माहीत आहे.

मार्चमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. एचबीए१सी ६.०. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २५२ वरून १२४. पण एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११५ वरून १७४ वर गेलेलं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "तूप किती खाताय?" मी खरं सांगितलं. अन्न कमी पडू नये म्हणून मी भाजीवर तूप, अंड्यावर लोणी, दिवसाला पाव किलो पनीर, असा मारा चालवला होता. कर्बोदकं काढली की ती जागा कशाने भरतो, याला तितकंच महत्त्व आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या लोकांचं वजन कमी-उष्मांकाच्या आहाराने उतरवलं, तर वर्षाअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आले होते. तो आहार लो-कार्ब म्हणून आखलेला नव्हता, वजन उतरवण्यासाठी होता. म्हणजे माझी साखर भाकरी सोडल्याने उतरली की नऊ किलो वजन गेल्याने, हे सुटं करून सांगता येत नाही. "तुम्हाला आयुष्यभर निभेल असं जेवण शोधा," ते म्हणाले. मला ते पटलं, कारण मी थकलो होतो. लग्नात पंगतीला बसून नुसती कोशिंबीर चिवडायची, पोरीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा हातात घेऊन उभं राहायचं, आणि रोज दोनदा आईसमोर भाकरी नाकारायची, याने थकलो होतो.

मग आम्ही ताट पुन्हा मांडलं. तूप चमचाभरावर आलं, स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात. पनीर निम्मं केलं, त्या जागी मोड आलेली मटकी, मूग, हुलग्याचं माडगं. डाळी-कडधान्यांत कर्बोदकं असतात, पण प्रथिनं आणि तंतूही भरपूर. मी त्यांना पहिल्या सहा महिन्यांत उगाच शत्रू मानलं. आमटी आता दाट होते. दिवसाची बेरीज शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत. जेवताना आधी भाजी, उसळ, अंडं, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. हा क्रम माझ्या मीटरवर मला स्वतःला दिसला. तेवढंच अन्न, तीच भाकरी, पण आधी खाल्ली तर आकडा वीस-तीसने जास्त. जेवणानंतर वीस मिनिटं सोसायटीत फेऱ्या. आई खिडकीतून बघते.

भाकरीचा प्रश्न मात्र वजनकाट्याने सुटला नाही. मी आईला म्हणालो, "दुपारी अर्धी चालेल." तिला अर्धी पटेना. ताटात अर्धी भाकरी म्हणजे कुणाची तरी उरलेली, असं तिला वाटायचं. चार-पाच दिवस ती माझ्या ताटात अर्धी वाढताना तोंड फिरवायची.

एका रविवारी सकाळी थापेचा आवाज बदललेला ऐकू आला. मी आत गेलो. गिरणीतून कालच आणलेलं पीठ होतं. पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना चिरा पडतात, म्हणून ती आठवड्याचंच दळून आणवते. सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या होत्या. काठवटीत एक लहानसा उंडा उरला होता, लिंबापेक्षा थोडा मोठा. तिने तो तळहातावर दाबला, पिठात घोळवला आणि एकाच हाताने थापायला लागली. दोन हातांची जागाच नव्हती तेवढ्यात. बशीएवढी भाकरी झाली, कड सगळीकडे सारखी. ती तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, ओल सुकताच उलथली, मग तवा उतरवून आचेवर धरली. तिचा पापुद्रा टम्म फुगला.

"चानकी," ती म्हणाली.

आमच्याकडे शेवटच्या उरलेल्या पिठाची लहान पोरासाठी करतात ती चानकी. मी तीन-चार वर्षांचा असताना चुलीसमोर बसून तिचीच वाट बघायचो. पोरांना मोठी भाकरी संपत नाही आणि अर्धी दिली तर रुसतात, म्हणून त्यांची स्वतःची, सबंध, वेगळी.

मी नंतर गुपचूप तेवढं पीठ तोलून पाहिलं. २८ ग्रॅम. म्हणजे कर्बोदकं वीसेक.

आता रोज दुपारी ताटात वाटीभर भाजी असते, उसळ असते, अंडं किंवा मासा असतो, कारळाची चटणी असते, आणि ताटाच्या कडेला चानकी. मागच्या तपासणीत साखर ६.२ होती, एलडीएल ११८. गावाकडे भावाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. तोही दीड भाकरीवर आलाय, आणि मला फोन करून आकडे सांगतो. पोरगी परवा आजीला म्हणाली, "मलापण बाबांसारखी चानकी."

"तुला मोठी," आई म्हणाली. "चानकी माझ्या लेकराची." आणि काठवटीत उरलेलं पीठ बोटांनी गोळा करू लागली.